अंधुक उजेडावरची घंटी

परभणी जिल्ह्यात सूर्याला शिव्या देणारी माणसं घरोघर सापडतील. पण सूर्याला किरकोळीत काढणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, हे यजमान. सेलूच्या कॉलेजात जन्मभर पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले, तरी प्रयोगशाळेची एक किल्ली अजून त्यांच्याच कडदोऱ्याला आहे. कारण तिथलं कुठलं कपाट लाथेनं उघडतं आणि कुठलं नुसत्या दरडावण्यानं, हे दुसऱ्या कुणाला माहीत नाही. हल्ली ज्याच्या त्याच्या छतावर सौर पाट्या बसल्या आहेत. त्यांच्याकडे साडूभाऊ, जुना मास्तर पहिल्या बाकावरच्या पोराकडे पाहतो तसे, कौतुक न करता पाहतात. "उन्हावर वीज करायची ह्यात कर्तबगारी कसली?" ते मला विचारतात. "मे महिन्यात आपल्या इथं डोळे मिटले तरी ऊन दिसतंय. अंधुक उजेडात वीज काढून दावा, मंग मी टोपी काढतो." टोपी ते घालत नाहीत, त्यामुळे ही पैज कधीच त्यांच्या अंगावर येत नाही.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतो, लक्समीटर असतो. उजेड मोजायचं तळहाताएवढं यंत्र. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणसं आधी पाणी मागतात, हे आधी कोपरे मोजतात. एकदा पेडगावला नात्यातलं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू झाली, सगळे अक्षता मुठीत धरून उभे, आणि हा गृहस्थ अंतरपाटाच्या एका बाजूला यंत्र धरून आकडा वाचतोय, मग वळसा घालून दुसऱ्या बाजूला. नवरीचा मामा संशयानं पाहायला लागला. त्याला वाटलं, पोरीच्या अंगावरचं सोनं खरं आहे की नाही ते वरपक्षानं यंत्र लावून तपासायला घेतलंय. प्रकरण हातघाईवर येणार, एवढ्यात साडूभाऊ गर्दीतून मला ओरडून म्हणाले, "साडूभाऊ, नवरीच्या बाजूला लय छान अंधार हाय!" पुढची दोन मंगलाष्टकं भटजींनी कशी म्हटली ते त्यांनाच ठाऊक. जेवणाच्या पंगतीत मी त्या मामाच्या शेजारी बसलो होतो, आणि त्याला समजावता समजावता माझी जिलबी गार झाली.

या सगळ्या वेडाचं मूळ म्हणजे पेरोव्स्काइट नावाचा पदार्थ. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणी रशियन पाहुणा यायचाय. साडूभाऊंनी ते मला इतक्या वेळा समजावलं आहे, की आता झोपेत विचारलं तरी सांगेन. छतावरच्या पाट्या असतात सिलिकॉनच्या. त्या उन्हात राबतात, पण घरात आणून बल्बखाली ठेवल्या की मान टाकतात. पेरोव्स्काइटचं तसं नाही. शिशाचे आणि आयोडीनचे क्षार, त्यात थोडं ब्रोमीन, असं मिश्रण कमी-जास्त करून तो थर घरातल्या दिव्याच्या उजेडाला बेतून घेता येतो. मग खोलीतल्या मिणमिणत्या उजेडातूनही तो एखादं घड्याळ, एखादी घंटी चालेल एवढी वीज गोळा करतो. त्याचा वैरी एकच, तो म्हणजे ओल. पाण्याचा अंश आत शिरला की काळपट थर पिवळा पडतो, आणि पिवळा पडला की मेला. म्हणून साडूभाऊंचा हंगाम आणि अक्कांचा हंगाम एकच, हवा कोरडी ठणठणीत असते तो. अक्का गच्चीवर कुरडया घालणार, आणि साडूभाऊ प्रयोगशाळेत जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्यावर काच गरागरा फिरवून तिच्यावर थर घालणार. संध्याकाळी दोघं एकमेकांना विचारणार, "तुमचं वाळलं का?" शिशाचा प्रकार असल्यामुळे दोन काचांमध्ये बंद करून कडा चिकटवल्याशिवाय त्यातलं काही उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, ही अक्कांची सक्त ताकीद होती, आणि ती ते पाळत. बाकी अक्कांचं या धंद्याबद्दलचं मत एका शब्दाचं होतं: फिजूल.

खरं सांगायचं तर माझंही मत फार वेगळं नव्हतं. आमच्या परभणीच्या घरी उतरले की हे पहिल्यांदा ट्यूबलाइट बंद करणार, आणि मी हातातलं वर्तमानपत्र खिडकीकडे तिरपं करून बातम्या चाचपडत बसणार. मी कुरकुर केली की त्यांचं ठरलेलं भाषण: "साडूभाऊ, आपला मुलूख उन्हाचा न्हाई, सावलीचा हाय. उन्हाळ्यात माणूस दुपारभर करतो काय? दारं-खिडक्या लावून अंधारात पडतो. म्हणजे आपलं आयुष्य जातंय अंधारात, आन् यंत्रं बसवायलोय छतावर!" हे खरं असायचं, आणि खरं ऐकलं की मला राग येतो. बायको म्हणायची, पाहुण्यांसमोर तोंड वाकडं करू नका. मी म्हणायचो, अंधारात कुणाला दिसतंय.

मग मायचं सुरू झालं, आणि हसण्याची सवलत संपली. माय म्हणजे आमच्या सासूबाई. त्यांना अहोजाहो केलं तर त्या मागं वळून कोण आलंय ते पाहायच्या, म्हणून आम्ही जावईसुद्धा तिला मायच म्हणायचो आणि एकेरीच बोलायचो. ती सेलूला अक्कांकडे असायची. हळूहळू विसरायला लागली. आधी भाजीत मीठ, मग नातवंडांची नावं, मग घर. दिवसभर ठीक असायची. दिवेलागण जवळ आली की मात्र तिच्या जिवाची घालमेल सुरू. उठायची, खुंटीवरची कापडी पिशवी घ्यायची आणि दाराकडे चालायला लागायची. "जाते माय. घरी अजून दिवा लागला न्हाई." घर म्हणजे राणीसावरगावचं माहेर. तिथं आता तिचं कुणीही उरलेलं नाही, हे तिला किती वेळा सांगायचं? दर वेळी सांगितलं की दर वेळी ती नव्यानं रडायची, म्हणून अक्कांनी सांगणं सोडून दिलं. घरातलं देवघर दाखवलं तर ती पडद्यापाशीच थांबायची. अक्कांनी हौसेनं तिथं रंगीत दिव्यांची माळ लावली होती, बारा महिने लखलखाट. "ही कुणाची दुकानदारी हाय?" माय म्हणायची. "हे आपले देव न्हाईत." आत पाऊल टाकत नसे.

दाराला बाजारातली सेलवर चालणारी घंटी लावली होती. तिचा सेल संपला ते कुणाला कळलं नाही, कारण सेल संपल्याचं सांगायलाही सेल लागतो. त्या संध्याकाळी माय गेली ती थेट रेल्वे फाटकापर्यंत. फाटक पडलेलं, आणि ही बाजूच्या फटीतून पलीकडे निघालेली. एका भाजीवालीनं दंडाला धरून मागं ओढलं, आणि तिच्या पदराला वारा लावत गाडी निघून गेली. ही हकीकत फोनवर सांगताना अक्कांना मधे मधे थांबावं लागत होतं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात; दिवसभर पोरं, संध्याकाळी दार. शेवटी त्यांनी साडूभाऊंना सांगून टाकलं, "मी शाळा बघू का दार बघू? दसरा होऊ द्या. सोनं वाटून झालं की सुताराला बोलावते. बाहेरून कडी." साडूभाऊ म्हणाले, "ती कैदी न्हाई." अक्का म्हणाल्या, "न्हाई ना? मंग दसऱ्यापर्यंत दुसरा इलाज दावा. मलाबी तिला कोंडायची हौस न्हाई." आणि पलीकडच्या खोलीत जाऊन रडल्या.

साडूभाऊंनी इलाज केला तो त्यांच्या पद्धतीचा. काडेपेटीहून जराशी मोठी डबी, तिच्या अंगावर उन्हाळ्यात घातलेल्या पेरोव्स्काइटच्या चार काळ्या काचा, पोटात एक टिंग वाजणारी घंटी. ही डबी बाहेरच्या दाराच्या चौकटीवर बसली. तिथं दुपारीसुद्धा उजेड असा बेताचाच. तेवढ्यावर ती दिवसभर थोडी थोडी शिल्लक साठवायची. कुणाची सावली काचांवरून सरकली आणि उजेड परत आला, की टिंग! दिवे गेले म्हणून ती वाजत नसे; ती खबरदारी त्यांनी आधीच घेतली होती, नाहीतर आपल्याकडे ती दिवसभर वाजतच राहिली असती. ना सेल, ना तार. नवरात्र बसलं तेव्हा डबी कामाला लागली होती. माय दाराशी गेली की टिंग, आणि कुणीतरी धावलं. अक्का अजून नाक मुरडत होत्या, पण त्या आठवड्यात त्यांना पहिल्यांदा एका जागी बसून चहा पिता आला.

खंडेनवमीला मी सेलूला गेलो. बायकोला सुट्टी नव्हती; निघताना तिनं मला एवढंच सांगितलं, "मायला कोंडू देऊ नका. बाकी काय बी करा." मी पोचलो तेव्हा घरात शांतता होती, आणि ती चांगली शांतता नव्हती. साडूभाऊ ओल्या केसांनी, गळ्यात टॉवेल, देवघराच्या उंबऱ्याबाहेर उकिडवे बसले होते. हात पाठीमागं घट्ट धरलेले, मान लांब केलेली. मला वाटलं, म्हातारपणी देवाला लागले. त्यांनी मला खुणेनं शेजारी बसवलं आणि कानात म्हणाले, "साडूभाऊ, तो कोपरा बघा. ती हळद वरून हाय का आतून?"

झालं होतं असं. खंडेनवमीला घरातली हत्यारं-अवजारं पूजेला मांडायची, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांतलं काही हलवायचं नाही, हा अक्कांच्या घरचा कडक रिवाज. सकाळी साडूभाऊंनी डबी धूळ झटकायला खाली काढली, उघडली, तपासताना तिची साठवलेली सगळी शिल्लक सांडून टाकली, आणि ती टेबलावर बाकीच्या सामानात ठेवून ते आंघोळीला गेले. तेवढ्यात अक्कांनी घरातली सगळी हत्यारं गोळा केली. विळी, सुरी, कात्री, शिवणयंत्राची कैची, आणि यजमानांची हत्यारं म्हणून पाने, पेचकस, वीज मोजायचा मीटर, लक्समीटर, आणि ती डबी. अंगणात सायकललाही झेंडूचा हार घातला. इतकी वर्षं ज्या कामाला त्यांनी फिजूल म्हटलं, त्याच्यावर त्या दिवशी त्यांनी मनापासून हळद-कुंकू वाहिलं. मनापासून म्हणजे पाण्यात कालवून. चारी काचांवर बोटं उमटली होती, वर फुलानं पाणीही शिंपडलेलं. साडूभाऊ केस पुसत आले तेव्हा अक्का त्यांना म्हणाल्या, "इतके दिवस तिला नावं ठेवली. आता तिच्याच भरवशावर माय सोडायची, तर म्हणलं मानानं सोडावी." असं म्हटल्यावर कोणता नवरा काय बोलणार? "छान केलं," असं म्हणून ते उकिडवे बसले ते मी येईपर्यंत तसेच.

आता पंचाईत अशी की काच आतून पिवळी पडली तरी रंग हळदीचाच. बाहेरची हळद पुसून टाकली की कळेल. पण पूजेतल्या वस्तूला हात लावायचा नाही. मीटर लावला तर कळेल, मीटर पूजेत. आरतीच्या वेळी अक्कांचा हात ताटासकट डबीसमोरून चांगला चार वेळा फिरला, घंटी वाजली नाही. मी साडूभाऊंकडे पाहिलं. ते पुटपुटले, "ती उपाशी हाय. सगळी शिल्लक सकाळी मीच काढली. त्या माळेच्या उजेडावर भरायला संध्याकाळ होईल. जिती असंल तर वाजंल." म्हणजे न वाजण्याचा अर्थ काहीच नव्हता, किंवा सगळाच होता. बाजूला घटाची ओली माती, हवेत पावसाचा दमटपणा. मी म्हटलं, "अक्कांना सांगून टाका, काढतील त्या." साडूभाऊंनी मान हलवली. "आज पहिल्यांदा तिनं माझ्या कामाला हात जोडलेत. आन् मी काय सांगू, तुझ्या हातानं मेलं म्हणून? उद्या दसरा हाय साडूभाऊ, ही न्हाई वाजली तर सुतार येणारच. कडी लागली तर ती जन्मभर म्हणंल, माझ्याच हळदीनं माझी माय कोंडली गेली." त्यांच्या तोंडावर मी तोवर कधी भीती पाहिली नव्हती. मला ती पाहवेना.

दुपारभर आम्ही दोघांनी उघडं दार राखलं. चौकटीवर डबीच्या जागी नुसते दोन खिळे. माय आमच्यासमोर बसून शेंगा सोलत होती, आणि मधूनच मला विचारत होती, "तुमी कोणच्या गावचे पाहुणे?" मी दर वेळी परभणी म्हणायचो, ती दर वेळी "लय ऊन हाय तिकडं" म्हणायची. चार वाजता ढग भरून आले. पाच वाजता शेंगा संपल्या. तिची नजर खुंटीवर जायला लागली, बोटं पदराशी चाळा करायला लागली. साडूभाऊ तिला काहीबाही विचारून गुंतवत होते, आणि त्यांचा एक कान देवघराकडे होता.

आणि दिवे गेले. ढगांमुळे घरात एकदम काळोख झाला. परसातून अक्कांनी हाक दिली, कपडे आत घ्यायला या, पाऊस आला. मी उठलो, कारण साडूभाऊ दाराशी होते. साडूभाऊ कंदील शोधायला उठले, कारण मी दाराशी होतो. आम्ही दोघं दोन वाटांनी परत आलो तेव्हा दार सताड उघडं, खाट रिकामी, आणि खुंटीवर पिशवी नाही.

अक्कांनी स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणी पाहिली, आणि तशाच अनवाणी गल्लीत धावल्या. मी उलट्या बाजूनं कोपऱ्यापर्यंत पळालो. कोपऱ्यावर मेंढरांचा कळप उभा होता, तो ओलांडून पुढं काही दिसेना. मेंढक्याला विचारलं, म्हातारी गेली का इकडून? "न्हाई बघितली बाबा." परत आलो तर अक्का अंगणाच्या फाटकाशी उभ्या, दम लागलेला, आणि स्टेशनच्या बाजूनं गाडीची शिट्टी. ती शिट्टी मी आजही विसरलेलो नाही. साडूभाऊ अंगणात सायकलीसमोर उभे होते. हात पुढं करून थांबलेले. "पूजेतली हाय," ते म्हणाले, अक्कांना की स्वतःला कोण जाणे. अक्का किंचाळल्या, "मोडू द्या पूजा! घ्या सायकल! माझी माय जायलीय!" त्यांनी सायकल ओढली, हार चाकाच्या आऱ्यांत गुंतला, झेंडू अंगणभर. एक पाय पायडलवर, आणि घरातून आवाज आला.

टिंग.

तिघंही जागच्या जागी. मला वाटलं भास झाला. मग पुन्हा, अगदी बारीक, टिंग. साडूभाऊंच्या हातातली सायकल आडवी पडली.

देवघराचा पडदा अक्कांनी सरकवला. रंगीत माळ विझलेली होती; सबंध देवघरात नवरात्राचा अखंड दिवा तेवढा जळत होता. आणि त्याच्या उजेडात, घटासमोर, मांडीवर पिशवी घेऊन माय बसली होती. अखंड दिव्यावरून फुलवात पेटवून ती समईची एकेक वात लावत होती. हात पुढं गेला की तिची सावली डबीवरून जायची, हात मागं आला की टिंग. महिनोन्महिने जिनं या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं, ती चांगली ऐसपैस बसली होती. "आले ग बाई घरी," ती आमच्याकडे न बघता म्हणाली. "कवापासून सांगायले, दिवा लागला न्हाई, दिवा लागला न्हाई. कोणी ऐकंना." शेवटची वात लावून तिनं देवांना हात जोडले, घटाला जोडले, मग विळी-कात्रीकडे वळली आणि हळद-कुंकवानं माखलेल्या त्या डबीपाशी थांबली. "हे कोणचे देव हायेत?" साडूभाऊ उंबऱ्यावर मटकन बसले होते. "माझे हायेत, माय," ते म्हणाले. मायनं डबीलाही नमस्कार केला. "लय बारीक हायेत," ती म्हणाली. "पण आवाज चांगला हाय."

थोड्या वेळानं दिवे आले, माळ लखलखली, आणि मायनं डोळ्यांवर हात घेतला. "आता कोण आलं?" ती घाबरून उठायला लागली. अक्कांनी एक क्षणही दवडला नाही, भिंतीतून माळेची पिन उपटून काढली. अंधुक उजेड परतला आणि माय पुन्हा खाली बसली. इतके दिवस आम्ही सगळे तिचा दरवाजा राखत होतो, आणि तिला हवं होतं तिच्या ओळखीच्या उजेडाचं एक देवघर. साडूभाऊंनी जन्म अंधुक उजेड मोजण्यात घालवला, पण तो मायला लागतो हे त्यांनाही सुचलं नव्हतं. याची त्यांना पुढं फार खंत वाटली. मला मात्र त्या संध्याकाळी खंत-बिंत काही वाटली नाही. मी परसात जाऊन दोरीवरच्या भिजलेल्या कपड्यांमध्ये उभा राहून पोटभर रडून घेतलं.

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाल्याबरोबर साडूभाऊंनी डबी खिडकीपाशी नेली आणि कोरड्या फडक्यानं काचा पुसल्या. तीन काचा लख्ख काळ्या निघाल्या. चौथीचा कोपरा पुसला, परत पुसला, पिवळा तो पिवळाच. तिथं चिकटवलेली कड सुटली होती आणि ओल आत गेली होती. तेवढ्यात अक्का आल्या. "बरी हाय ना माझ्या हळदीनं?" साडूभाऊंनी त्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला. "चारी ठणठणीत," ते म्हणाले. जन्मभर विद्यार्थ्यांना आकड्यांशी खोटं बोलू नका म्हणून सांगणारा हा माणूस. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. डबी वाजली ती समईच्या उजेडावर नव्हे, दिवसभर माळेखाली साठवलेल्या शिलकीवर, हे मात्र त्यांनी अक्कांना दोनदा समजावून सांगितलं. अक्का म्हणाल्या, देवीनं वाजवली. त्यावर वाद झाला, आणि त्या वादाच्या भरात सुताराचं नावही कुणी काढलं नाही.

कडी लागली नाही. डबी देवघराच्या चौकटीवर बसली, माळ कायमची पेटीत गेली. दिवेलागणीच्या जरा आधी अक्का मायच्या हातात काडेपेटी द्यायच्या, आणि बहुतेक दिवस पिशवी खुंटीवर राहायची. एखाद्या दिवशी ती तरीही निघायची. मग साडूभाऊ तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत जायचे, आणि "माय, दिवा तसाच राहिला की," म्हणून परत वळवायचे. आतून टिंग आली की बाहेरच्या खोलीत ते खुर्चीतल्या खुर्चीत हात जोडायचे. देवाला की पेरोव्स्काइटला, ते मी विचारलं नाही. एरवी मी विचारल्याशिवाय राहत नाही.

माय गेल्या थंडीत गेली, अंथरुणात, शांतपणे. पिशवी खुंटीवरच होती. डबी काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. अक्का दिवा लावायला लागल्या आणि ती त्यांच्यासाठी वाजायला लागली. पण काचा एकेक करून पिवळ्या पडत गेल्या. या पावसाळ्यात शेवटचीही गेली. परवा मी सेलूला गेलो तेव्हा साडूभाऊ म्हणाले, "वाळवणाचे दिवस येऊ द्या, नव्या घालतो." बोलताना त्यांनी खिशातला लक्समीटर काढला, पाहिला न पाहिल्यासारखा केला आणि परत ठेवला. अंधार पडत आला होता. मी दिवा लावायला उठलो, तर त्यांनी नेहमीसारखं माझा हात धरून मला खाली बसवलं. आत काडी ओढल्याचा आवाज झाला. पडद्यामागं मंद उजेड पडला. डबीतून काही आवाज येणार नव्हता, हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी कान देऊन बसलो होतो.

मग आतून अक्कांनी स्वतःच्या तोंडानं, हलक्या आवाजात, म्हटलं, "टिंग."

आणि साडूभाऊंनी हात जोडले.